फार नाही ना दुखत?

पट्टा रुग्णाच्या तीन सेकंद आधी कण्हतो, असं शर्वरी डोईफोडे म्हणायची. ती पुण्यातल्या एका कंपनीची इंजिनियर. २०३६ सालच्या जानेवारीत ती लातूरच्या औसा रोडवरच्या हलगरकर पोटविकार रुग्णालयात पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या हातात राखाडी रंगाचा, वीतभर रुंद पट्टा होता. तिथल्या मुख्य नर्स कुंदा सरवदे यांना वाटलं, पोरीची कंबर धरली असणार. कुंदाने तिला उंच पाठीची खुर्ची आणून दिली.

पट्टा शर्वरीसाठी नव्हता. मोठ्या आतड्याची दुर्बीण करायला येणाऱ्या रुग्णांसाठी होता. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी असा सरकारचा आग्रह होता, पण लातूर जिल्ह्यात भूलतज्ज्ञ बोटावर मोजण्याइतके. हलगरकरांकडे भूल द्यायला डॉक्टर यायचे ते मंगळवारी आणि शुक्रवारी. चार-चार महिने नंबर लागायचा नाही. ज्यांना दमा आहे, हृदय कमजोर आहे, त्यांना भूल देणंच धोक्याचं, म्हणून त्यांचा नंबर कधीच लागायचा नाही.

"भूल नकोच," शर्वरी म्हणाली. "दुखलंच नाही तर भूल कशाला?"

तिने कुंदाला ते समजावून सांगितलं, आणि कुंदाला ते पटलं, कारण सत्तावीस वर्षं ती हेच बघत आली होती. मोठ्या आतड्याला आतून चिमटा काढला तरी कळत नाही. आतड्याला कळतो तो फक्त ताण. डाव्या बाजूला, खाली, आतड्याचं एक नागमोडी वळण असतं. दुर्बिणीची नळी तिथे पुढे सरकायच्या ऐवजी वेटोळं घालते, ते वेटोळं आतड्याला आतून फुगवतं, आणि मग माणूस टेबलाचा कठडा धरतो. पण मेंदूपर्यंत कळ पूर्ण पोचून माणूस कण्हेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात पोटाचे स्नायू हलकेच आवळतात, नाडी चुकते, श्वास अडखळतो. पट्टा नेमकं ते टिपतो आणि दुर्बिणीला सांगतो. दुर्बिणीचं टोक मऊ पडतं, पाणी सोडणं थांबतं, नळी दोन बोटं मागे येते. वेटोळं सुटतं. मग पुन्हा पुढे.

"म्हणजे दुखायच्या आधीच थांबायचं," कुंदा म्हणाली.

"बरोब्बर! फक्त एक अडचण आहे, कुंदाताई. पट्ट्याला नुसत्या रेघा दिसतात. कुठली रेघ म्हणजे दुखणं आणि कुठली म्हणजे नुसतं शिंकणं, हे त्याला माणसांनी शिकवायचंय."

त्यासाठी चारशे रुग्ण निवडले. तपासणी चालू असताना दर अर्ध्या मिनिटाला नर्सने विचारायचं, शून्य ते दहा, किती दुखतंय? रुग्ण जो आकडा सांगेल तो टॅबवर दाबायचा. यंत्र तो आकडा आणि त्या क्षणाची रेघ यांची सांगड घालत शिकत जाणार. हे काम कुंदाकडे आलं. तिच्याइतकी गोड बोलणारी नर्स त्या रस्त्यावरच्या अकरा रुग्णालयांत नव्हती.

कुंदाची विचारायची एक पद्धत होती. ती नवी होती तेव्हा मेट्रनबाईंनी तिला सांगितलं होतं, पेशंटला 'किती दुखतंय' म्हणून विचारू नये, तो दुखणं शोधत बसतो. त्याला धीर द्यावा. म्हणून कुंदा रुग्णाच्या तोंडाजवळ वाकून म्हणायची, "झालंच बघा आता. फार नाही ना दुखत?"

रुग्ण म्हणायचा, "नाही, नाही. चालू द्या."

कुंदा एक दाबायची. कुणी फारच ओठ चावत असेल तर दोन. पूर्वी ती या वेळी रुग्णाचा हात धरून बसायची. आता एका हातात टॅब असायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट आकड्यावर.

मे महिन्यात चारशे पूर्ण झाले. सरासरी आली एक पूर्णांक तीन. डॉ. प्रशांत हलगरकरांनी तो आकडा दोनदा वाचला. "एवढं कमी?" ते म्हणाले. शर्वरी म्हणाली, "सर, तुमचा हात हलका आहे, हे सगळं लातूर सांगतं." डॉक्टर हसले. ते खरंच कनवाळू होते, आणि हाताबद्दल कुणी चांगलं बोललं की त्यांना बरं वाटायचं.

यंत्राचं नाव ठेवलं 'मृदू'. जूनपासून ते राज्यातल्या एक्केचाळीस रुग्णालयांत चालू झालं. तिथे प्रत्येक टेबलाजवळ कुंदा कुठून आणायची? म्हणून शर्वरीने तिचा आवाज ध्वनिमुद्रित करून यंत्रात घातला. टेबलाशेजारच्या स्पीकरमधून दर अर्ध्या मिनिटाला कुंदा म्हणायची, "झालंच बघा आता. फार नाही ना दुखत?" रुग्णाचं उत्तर यंत्र स्वतःच ऐकायचं आणि त्यातून पुढे शिकायचं. कुंदाच्या नंदुरबारच्या मावशीचा फोन आला. "अगं, मी इथं उघडी पडलेय टेबलावर, नि तू बोलायला लागलीस! मी म्हटलं, ही पोरगी इथंही आली का बघायला?"

कुंदा आठवडाभर ही गोष्ट सगळ्यांना सांगत होती.

*

गुरुवार हा फोन करायचा दिवस. ज्यांच्या आतड्यात पॉलिप सापडले होते, म्हणजे अस्तरावर उगवलेले मांसाचे छोटे कोंब, त्यांना तीन किंवा सहा महिन्यांनी पुन्हा बोलवायचं असतं. कोंब तेव्हाच काढला तर काढला. राहिला, तर त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. बाकी सगळी तपासणी याचसाठी.

दिवाळी उरकून आठ दिवस झाले होते. कुंदाने यादी उघडली.

"चाकूरचे गुंडेराव बोलताय ना? हलगरकर दवाखान्यातून कुंदा सिस्टर."

"बोला की, सिस्टर! तब्येत एकदम घोड्यासारखी."

"तुमची तपासणी दसऱ्यालाच होती."

"येतो की. हरभऱ्याची पेरणी होऊ द्या."

"मागच्या वेळी काही त्रास झाला होता का?"

"छे, छे! साहेबांचा हात लई हलका. तुमची सेवा तर काय, बोलायचं कामच नाही."

"मग कधीची तारीख देऊ?"

"बघू की," गुंडेराव म्हणाले, आणि फोन कट झाला.

रेणापूरच्या बाईंनी नातीची परीक्षा सांगितली. निलंग्याच्या मास्तरांनी डॉक्टरांची पाच मिनिटं स्तुती केली आणि तारीख घेतली नाही. संध्याकाळपर्यंत कुंदाने बावीस फोन केले. बावीसही जणांनी चांगलं म्हटलं. यायला तयार झाले पाच.

तिने मागच्या वर्षांची वही काढली. भूल देऊन तपासणी व्हायची तेव्हा दहातले सात जण परत यायचे. यंदा, काहीच न दुखवणाऱ्या यंत्रानंतर, दहातले तीनसुद्धा धड नव्हते.

यादीत दोनशे बाराव्या नंबरवर द्वारकाबाई सरवदे होती. तिला फोन करायची गरज नव्हती. ती कुंदाच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होती.

*

द्वारकाबाई म्हणजे कुंदाची थोरली जाऊ. वय चौसष्ट, तीस वर्षांचा दमा. खाली कुंदाचं बिऱ्हाड, वर द्वारकाबाईचं. मधे एक जिना आणि सव्वीस वर्षांची भांडणं. पण कुंदाची दोन्ही मुलं वाढली ती वरच्याच मजल्यावर, कारण कुंदाची ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची, आणि द्वारकाबाई कायम घरी.

एप्रिलमध्ये चारशेंपैकी एक म्हणून तिचीही तपासणी झाली होती. दोन कोंब तेव्हाच काढले. तिसरा उजव्या बाजूला होता, चपटा, बोटाच्या पेरापेक्षा मोठा. तो वेगळ्या तयारीने काढावा लागणार होता. त्याचा तुकडा तपासून आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "अजून कॅन्सर नाही, पण त्याच वाटेवर आहे. जुलैच्या पुढे जाऊ देऊ नका." दम्यामुळे भूल देता येत नव्हती. जुलैत द्वारकाबाई म्हणाली, आषाढ तळायचा आहे. ऑगस्टमध्ये गुडघा. मग गौरी, मग दिवाळी.

कुंदा वर गेली तेव्हा ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"आक्का, पुढच्या आठवड्यात तुमचा नंबर लावते."

"पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचं डोहाळजेवण."

"एक दिवस तर लागतो."

"आणि आदल्या दिवशी ते जुलाबाचं पाणी कोण पिणार, तू?" द्वारकाबाईने शेंग मोडली. "बाई, मला काही होत नाही. खाते, पिते, जिना चढते. कशाला उगी?"

"एप्रिलमध्ये काही दुखलं होतं का तुम्हाला?"

"कुठं काय! तुझ्या डॉक्टरचा हात हलका आहे."

हेच वाक्य कुंदाने त्या दिवशी बावीस वेळा ऐकलं होतं.

*

पुढच्या सोमवारी तिची स्वतःची तपासणी होती. रुग्णालयातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांची व्हायचीच, आणि ती दोन वर्षं टाळत आली होती. ती डाव्या कुशीवर झोपली. अर्चना नावाच्या तरुण नर्सने तिच्या पोटाला पट्टा बांधला. पाठीमागे डॉ. हलगरकर उभे राहिले.

पहिली दोन मिनिटं ठीक होती. मग नळी त्या नागमोडी वळणावर आली.

कुंदाने हे वळण पडद्यावर हजारो वेळा पाहिलं होतं. आतून ते कसं असतं हे तिला माहीत नव्हतं. कुणीतरी पोटात मूठ घालून ती सावकाश उघडत नेतंय, असं वाटलं. कपाळावर घाम आला. तिने कठडा धरला. आणि त्याच वेळी कानाजवळ, तिच्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"झालंच बघा आता. फार नाही ना दुखत?"

"नाही. चालू द्या, सर," कुंदा म्हणाली.

"शाब्बास," तिचाच आवाज म्हणाला.

ती समोरच्या पडद्याकडे बघत राहिली. वरचा दिवा हिरवा होता. खाली आकडा होता, एक. नळी पुढे सरकली, मूठ आणखी उघडली, आणि दिवा हिरवाच राहिला.

खोटं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. पाहुणे म्हणून गेल्यावर कुणी जेवायचं विचारलं की 'आत्ताच झालं' आपोआप तोंडात येतं, तसं ते आलं. मागे एक भला माणूस वाकून कष्ट करतोय. आपण कागदी झग्यात त्याच्याकडे पाठ करून पडलोय. समोरचा आवाज मायेने 'नाही ना' म्हणतोय. त्याला 'हो' कसं म्हणायचं? चारशे जणांनी तिला 'नाही' म्हटलं होतं, आणि तिने तो आकडा यंत्राला दिला होता. यंत्र शिकलं होतं की एवढी मोठी रेघ म्हणजे एक. जूनपासून एक्केचाळीस ठिकाणी ते रोज तिच्या आवाजात विचारत होतं, रोज 'नाही' ऐकत होतं, आणि दर दिवसागणिक थोडं अधिक बहिरं होत चाललं होतं.

तपासणी संपली. काही सापडलं नाही. "झालं, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "कळलंसुद्धा नाही ना?"

"नाही, सर," कुंदा पुन्हा म्हणाली, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

*

घरी पोचल्यावर ती कपडेही न बदलता वर गेली.

"आक्का, खरं सांगा. किती दुखलं होतं?"

द्वारकाबाई तिच्याकडे बघत राहिली. "तुझी झाली वाटतं आज."

"झाली."

"मग मला काय विचारतेस?" ती उठली, माठातलं पाणी तिने कुंदाला दिलं. "बाळंतपणाइतकं. माझ्या थोरल्याच्या वेळचं. तेव्हा निदान बोंबलता तरी आलं होतं."

"मग बोलला का नाहीत? मी तिथंच होते!"

"तू होतीस म्हणूनच. तो डॉक्टर घामाघूम झालेला. तू हातात ती पाटी घेऊन 'नाही ना, नाही ना' करायलीस. मला वाटलं, दुखतंय म्हटलं तर तुझ्या नोकरीला बोल लागेल. लोक म्हणतील, सिस्टरचीच जाऊ नाटकं करती." ती थांबली. "तुझा हातही नव्हता धरायला."

कुंदाने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुम्ही पुन्हा येणार नाही म्हणा ना सरळ. भाचीचं डोहाळजेवण कशाला मधे आणलं?"

"ते बी आहेच," द्वारकाबाई म्हणाली. "पण नाही येणार. मरण आलं तर येऊ दे, आपल्या पायांनी तिथं जाणार नाही."

*

"हे तुम्ही मला आत्ता सांगताय?" डॉ. हलगरकर म्हणाले.

केबिनमध्ये तिघंच होते. शर्वरी पुण्याहून सकाळच्या गाडीने आली होती. तीन आठवड्यांनी आरोग्य खात्याची अंतिम मंजुरी मिळायची होती, आणि मग मृदू राज्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जाणार होतं.

"मला परवाच कळलं, सर. टेबलावर पडल्यावर."

"मी स्वतः तुमची तपासणी केली. दिवा हिरवा होता."

"हिरवाच होता, सर."

"अहो, मग तुम्ही तरी सांगायचं! सत्तावीस वर्षं नर्स आहात तुम्ही!"

"तेच तर सांगतेय, सर. मी नर्स असून मला सांगता आलं नाही. गुंडेराव काय सांगणार?"

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी हळूच विचारलं, "किती होतं?"

"सात. वळणावर आठ."

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो टेबलाखाली घेतला.

शर्वरीने लॅपटॉपवर दोनशे बारावा रुग्ण उघडला. रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली होती. त्याच क्षणाखाली कुंदाने दाबलेला आकडा होता, एक. "ही रेघ मी एप्रिलमध्येच पाहिली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, बाई हलल्या असतील. यंत्राला मी ती सोडून द्यायला सांगितलं होतं." तिने लॅपटॉप थोडा लांब सरकवला. "रेघा खऱ्या आहेत. उत्तरं खोटी आहेत. चारशेच्या चारशे पुन्हा घ्यावी लागतील. आणि पुन्हा विचारलं तरी लोक पुन्हा तेच सांगतील. ते तुम्हाला का खरं सांगतील?"

"मला नाही सांगणार," कुंदा म्हणाली. "सरांना तर नाहीच."

"मग कुणाला?"

कुंदाला द्वारकाबाईचा चेहरा आठवला, शेंग मोडताना होता तसा. सव्वीस वर्षांत त्या बाईने तिला एकही गोष्ट गोड करून सांगितली नव्हती. भाजीत मीठ जास्त झालं तर पहिल्या घासाला सांगितलं होतं.

"घरच्याला," ती म्हणाली. "ज्याच्याशी रोज भांडण होतं त्याला. टेबलाशी नर्स नको. नवरा, बहीण, सासू, जाऊ, कुणीही बसवा. एक हात त्याच्या हातात द्या. माणूस परक्यापुढे सोसतो. घरच्यावर खेकसतो."

शर्वरी हसायला लागली, आणि मग हसता हसता थांबली. "मनगटावर दाब मोजणारी पट्टी लावता येईल," ती म्हणाली. "घरच्याच्या मनगटावर. किती जोरात धरलं, ते कळेल. आकडा खोटा निघाला तर पकड बोलेल."

कंपनीने कुंदाकडून लेखी खुलासा मागितला. तिने दोन पानं लिहिली, एकाही वाक्यात 'अनवधानाने' लिहिलं नाही. मंजुरीचा अर्ज मागे घेतला गेला. एक्केचाळीस रुग्णालयांत मृदू बंद झालं आणि तिचा आवाजही. नंदुरबारच्या मावशीने फोन करून विचारलं, काढून टाकलं का गं तुला? कुंदा म्हणाली, मीच काढायला लावलं. मावशीला ते नीट समजलं नाही.

आता पहिला रुग्ण हवा होता.

*

"मला नको," द्वारकाबाई म्हणाली.

"या वेळी मी पाटी धरणार नाही. तुमच्या तोंडासमोर बसणार. हात तुमच्या हातात."

"नि दुखलं तर?"

"दुखलं की मला बोलायचं. काय वाटेल ते. सरांकडे बघायचं नाही. ते कान झाकून काम करणार आहेत असं समजा. तुम्ही मला बोललात की नळी थांबणार. मी म्हणेन तेव्हा नाही, तुम्ही बोलाल तेव्हा."

द्वारकाबाईने तिला निरखून पाहिलं. "काय वाटेल ते?"

"काय वाटेल ते."

"सगळं?"

"सव्वीस वर्षांचं सगळं, आक्का."

"मग जरा विचार करते," द्वारकाबाई म्हणाली. तिने विचार केला तो भाचीच्या डोहाळजेवणापर्यंत. ते झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच जिना उतरून आली, रात्रभर ते जुलाबाचं पाणी पिऊन चेहरा उतरलेला. "चल," ती म्हणाली. "नाहीतर मन फिरेल."

टेबलावर ती डाव्या कुशीवर झोपली. कुंदा तिच्या तोंडासमोर स्टुलावर बसली, मनगटावर पातळ निळी पट्टी. द्वारकाबाईने ते मनगट धरलं. शर्वरी कोपऱ्यात टॅब घेऊन उभी होती. डॉक्टर मागे होते, आणि आज ते कुणाशीच बोलत नव्हते.

पहिलं मिनिट शांततेत गेलं. मग द्वारकाबाईच्या भुवया जवळ आल्या.

"ती माझी पितळी परात," ती म्हणाली, "माहेरी नेलीस ती आणलीस का?"

"थांबा, सर," कुंदा म्हणाली. नळी थांबली. "किती, आक्का?"

"परात एकच होती!"

"दुखणं किती?"

"चार."

शर्वरीने चार दाबला. डॉक्टरांनी नळी मागे घेतली, वेटोळं सोडवलं, पुन्हा पुढे गेले. परातीनंतर पंगत आली. द्वारकाबाईच्या मुलाच्या लग्नात तिच्या माहेरच्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं, ते पाच होतं. मग कुंदाने सासूबाईंच्या कानाला लागून सांगितलेलं काहीतरी, ते कुंदाला आठवतसुद्धा नव्हतं. ते साडेपाच. शर्वरीला हसू आवरेना. मग वळण आलं, आणि हसू थांबलं, कारण द्वारकाबाईच्या बोटांनी कुंदाचं मनगट असं आवळलं की पट्टीचा दिवा तांबडा झाला.

"तुझी दोन लेकरं," ती दातांतून म्हणाली. "तुझी दोन लेकरं मी न्हाऊमाखू घातली, तापात घेऊन बसले, नि तू ड्युटी, ड्युटी. नि लोक म्हणायचे काय, कुंदाची पोरं काय गुणी! कुंदाची! कुणी एकदा तरी माझं नाव घेतलं का? तू घेतलंस?"

"थांबा, सर!"

सगळं थांबलं.

"नाही घेतलं, आक्का," कुंदा म्हणाली.

"आठ," द्वारकाबाई म्हणाली. "लिही म्हणावं तिला. आठ."

डॉक्टर या वेळी पुरतं एक मिनिट थांबले. त्यांनी सगळं पाणी काढून घेतलं, नळी बरीच मागे आणली, अर्चनाला पोटावर हलका हात ठेवायला खुणावलं आणि नव्याने वाट धरली. पडद्यावर गुलाबी बोगदा सावकाश सरकू लागला. डावीकडून वर, मग आडवा, मग उजवीकडे खाली. तिथे तो चपटा कोंब होता. एप्रिलपेक्षा मोठा झाला होता, पण कडा अजून स्वच्छ होत्या. डॉक्टरांनी त्याच्या खाली पाणी भरून तो अस्तरापासून अलगद उचलला आणि तारेच्या फासात धरला.

"मिळाला," ते म्हणाले. तपासणी सुरू झाल्यापासूनचा हा त्यांचा पहिला शब्द. "पूर्ण मिळाला."

कुंदाने श्वास सोडला. मग तिच्या लक्षात आलं, द्वारकाबाई बराच वेळ काही बोललेली नाही.

तिला भीती वाटली. ही शांतता तिने चारशे वेळा ऐकली होती. "आक्का, बोला."

"काय बोलू?"

"काहीही. परातीचं बोला."

"परातीचं झालं की मघाशी."

कुंदाने मनगटाकडे पाहिलं. बोटं तिथेच होती, पण नुसती टेकलेली.

"दुखत नाही?" तिने विचारलं, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, किती दुखतंय?"

द्वारकाबाईने डोळे मिटले. बाजारात भाजीची पेंडी हातात घेऊन अंदाज घेते तशी ती पोटातल्या पोटात चाचपत राहिली.

"दीड," ती म्हणाली.

शर्वरीने टॅबकडे पाहिलं. त्यावर एक होता, दोन होता. साडेपाचला तिने मघाशी सहा दाबून वेळ भागवली होती. "आजी, दीडचं बटण नाहीये. एक लावू?"

"बटण नसलं तर बसवून घे," द्वारकाबाई डोळे न उघडता म्हणाली. "मी काय आता खोटं सांगू?"